लाईट परत आली की कॉम्प्युटर आपोआप कसा चालू करायचा?

येऊरकाठ | १२ जून, २१:४०
नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात वसंत विहारला वरच्या मजल्यावर राहतो. मागच्या बाल्कनीतून थेट येऊरचा डोंगर दिसतो. त्या बाल्कनीत एक माईक लावलाय आणि त्याची वायर आतल्या खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपला जोडलीय. रात्रंदिवस रेकॉर्डिंग चालू असतं. नंतर ते बर्डनेट या आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या प्रोग्राममधून काढलं की कोणता पक्षी किती वाजता बोलला ते कळतं. माझ्यासाठी जूनचे हे दिवस वर्षातले सगळ्यात मोलाचे, कारण पावसाबरोबर नवरंग येतो. तो सगळ्यात जास्त बोलतो पहाटे आणि तिन्हीसांजेला.

अडचण अशी की पाऊस आला की लाईटही जाते. परवा पहाटे गेली आणि अर्ध्या तासात आलीही. कॉम्प्युटर मात्र बंदच राहिला. मी महापेला, हे अंधेरीला, दिवसा घरात कोणी नाही. रात्री येऊन बटण दाबलं तेव्हा सकाळ-संध्याकाळ दोन्ही हातच्या गेल्या होत्या. डेस्कटॉप २०१४चा आहे, विंडोज १०, सोबत छोटा यूपीएस, तो दहाएक मिनिटं तग धरतो.

लाईट आली की मशीन आपलं आपण उठेल आणि रेकॉर्डिंगही आपोआप सुरू होईल, असं करता येतं का? त्याने मशीन खराब होतं का? जाणकारांनी कृपया नीट समजावून सांगा.

बिटबाई | १२ जून, २१:५५
करता येतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उठणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्राममध्ये, सेटिंग असतं. चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, आत पॉवर मॅनेजमेंटमध्ये सापडेल.

चहाबाज | १२ जून, २२:०१
नवरंगालाच निरोप द्या, लाईट असेल तेव्हाच शीळ घाल म्हणावं.

घणसोलीकर | १२ जून, २२:३०
बिटबाईंनी सांगितलंय ते बरोबर, जरा फोड करून सांगतो. हे सेटिंग बहुतेक डेस्कटॉपमध्ये असतं, फक्त प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने देते. एसी म्हणजे इथे भिंतीतून येणारी वीज. गिगाबाइटच्या मदरबोर्डवर 'एसी बॅक', असूसवर 'रीस्टोअर एसी पॉवर लॉस', डेलमध्ये 'एसी रिकव्हरी', एचपी आणि लेनोवोच्या ऑफिसवाल्या मशीनमध्ये 'आफ्टर पॉवर लॉस'. आत जायची बटणंही वेगळी: डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोवोला बहुतेक एफ१, असेंबल केलेल्याला डिलीट.

पर्याय साधारण तीन असतात. पॉवर ऑफ म्हणजे लाईट आली तरी गप्प बसायचं. कारखान्यातून बहुतेक मशीन असंच येतं, तुमचंही तसंच असणार. पॉवर ऑन म्हणजे लाईट आली की उठायचं. लास्ट स्टेट म्हणजे लाईट जाताना चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद.

तिथेच आसपास 'ईआरपी' नावाचं एक सेटिंग दिसेल. ते चालू असेल तर बंद करा. बंद मशीनने अगदी नगण्य वीज खावी यासाठी ते असतं, पण त्यापायी बोर्ड आपणहून उठायच्या सगळ्या सोयी बंद करून टाकतो. पुष्कळ लोक एसी बॅक लावतात, हे विसरतात आणि मग सेटिंग चालत नाही म्हणतात.

कोपरीकर | १२ जून, २२:४८
लास्ट स्टेट लावा. सुट्टीला गावी जाताना मशीन मुद्दाम बंद करून गेलात तर उगाच चालू होणार नाही.

सानपाडा_सिग्नल | १२ जून, २३:१०
मी याच्या पूर्ण विरोधात आहे. आमच्याकडे पावसात लाईट एकदा जाऊन एकदा येत नाही. येते, दोन मिनिटांत जाते, पुन्हा येते. अशा वेळी मशीन आपोआप उठायला लागलं तर विंडोज अर्धवट चालू झालेलं असतानाच पुन्हा झटका बसणार. जुनी हार्ड डिस्क असेल तर तिचं काही खरं नाही. माणसाने घरी यावं, सप्लाय स्थिर झालाय का बघावं आणि मग बटण दाबावं. आमच्या शेजारच्यांची हार्ड डिस्क अशीच गेली.

बिटबाई | १२ जून, २३:२५
सानपाडा, पण त्यांचा प्रश्नच तो आहे ना की दिवसा बटण दाबायला घरी कोणी नाही! शिवाय विंडोजची फाइल सिस्टीम एनटीएफएस बदलांची नोंदवही, म्हणजे जर्नल ठेवते, दर झटक्याला फाइल सिस्टीम मोडत नाही. धोका आहे, पण त्यावर उपाय शोधायचा. मशीन बंदच ठेवायचं हा उपाय होत नाही.

कळवा४०० | १३ जून, ०७:१५
माझी सगळी नोकरी विजेच्या खात्यात झाली, म्हणून यावर लिहितो. सानपाडा म्हणतात ते खरं आहे आणि त्यामागचं कारण समजलं की उपायही आपसूक सुचतो.

उघड्या तारांचा ११ केव्ही फीडर, म्हणजे भागाला वीज नेणारी लाईन, ट्रिप झाला की उपकेंद्रातला ऑपरेटर आधी एक ट्राय घेतो, म्हणजे लाईन पुन्हा चालू करून बघतो. वाऱ्याने फांदी लागून सुटली असेल तर लाईन उभी राहते. फॉल्ट कायम असेल तर लगेच पुन्हा ट्रिप होते. मग लाईनवरची माणसं निघतात, एकेक भाग वेगळा काढतात, चांगला भाग चार्ज करतात, पुढचा तपासतात. तुम्हाला घरात ते लाईट आली-गेली-आली असं दिसतं. अंधारात, भर पावसात खांबावर चढून हे काम चाललेलं असतं, तेव्हा त्या येण्या-जाण्यावर चिडू नका. भूमिगत केबलचं वेगळं, तिथे जॉइंटमध्ये पाणी शिरलं की वेळ जातो, पण एकदा आली की सहसा टिकते. ठाण्यात दोन्ही प्रकार आहेत आणि येऊरच्या अंगाला झाडं भरपूर.

दुसरी गोष्ट, सप्लाय येताना व्होल्टेज नेहमी २३० असेलच असं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, सुटणं. तीन फेजमध्ये फेज ते फेज ४१५ व्होल्ट असतात. इमारतीचा न्यूट्रल तुटला की एखाद्या फ्लॅटला तीनशेच्या वर व्होल्ट मिळू शकतात. तेव्हा कॉम्प्युटर चालू आहे की बंद याने फार फरक पडत नाही, प्लगमध्ये असलेलं काहीही जळू शकतं.

म्हणून माझा सल्ला असा. फ्रिज-एसीला लावतात तसा टाइम डिले आणि हाय-लो कट असलेला स्टॅबिलायझर घ्या. लाईट आल्यावर तो लगेच सप्लाय पुढे सोडत नाही, साधारण तीन मिनिटं थांबतो. मधे गेली तर पुन्हा पहिल्यापासून मोजतो. म्हणजे ट्रायचा सगळा धुमाकूळ तो अंगावर घेतो आणि तुमच्या कॉम्प्युटरला येते ती टिकलेली लाईट. व्होल्टेज मर्यादेबाहेर असेल तर सोडतच नाही.

सानपाडा_सिग्नल | १३ जून, ०८:०२
काका, हे पटलं. तीन मिनिटांचा डिले असेल तर माझा विरोध मागे.

चहाबाज | १३ जून, ०८:१०
कळवा४०० नाव बघितलं आणि १२ ऑक्टोबर २०२० आठवला! त्या दिवशी तुम्ही ड्युटीवर होतात का?

कळवा४०० | १३ जून, ०८:४०
नाही हो, तोवर निवृत्त झालो होतो. पण नाव तिथलंच. सोमवार होता, सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे ४०० केव्हीच्या लाईनवर अडचण आली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात. त्या काळात लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी चालत होत्या, त्याही जागच्या जागी उभ्या राहिल्या.

नेरूळ_पाणथळ | १३ जून, ०९:०५
आमच्या मुलीची ऑनलाइन परीक्षा चालू होती. घरात वायफाय नाही, थोड्या वेळाने मोबाइलचं नेटवर्कही मान टाकायला लागलं. सगळी सोसायटी जिन्यात उतरून आली होती. करोनामुळे महिनोन्‌महिने न दिसलेले शेजारी त्या दिवशी दिसले. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांच्या ऑक्सिजन मशीनला सोसायटीच्या जनरेटरवरून वायर ओढली. ती धावपळ अजून डोळ्यांसमोर आहे.

कोपरीकर | १३ जून, ०९:२०
आमच्याकडे पाण्याच्या टाकीचा पंप बंद, त्याचे हाल जास्त झाले. संध्याकाळपर्यंत बादल्या.

बिटबाई | १३ जून, १०:३०
मंडळी, येऊरकाठच्या प्रश्नाकडे परत या. त्यांच्याकडे यूपीएस आहे, आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. त्यावर अजून कोणी बोललंच नाही.

लास्ट स्टेटचा सल्ला कोपरीकरांनी दिलाय. यूपीएस नसेल तर तो चालेल. पण यूपीएस यूएसबी वायरने कॉम्प्युटरला जोडलेला असेल तर काय होतं बघा. लाईट जाते, बॅटरी उतरते, यूपीएस सांगतो आता आवरा, विंडोज व्यवस्थित शटडाउन होतं. म्हणजे शेवटची अवस्था कोणती? बंद! मग लाईट आल्यावर लास्ट स्टेटवालं मशीन बंदच राहणार, आणि त्याचं काही चुकलंही नाही. म्हणून यूपीएस असेल तर पॉवर ऑनच लावायचं.

आणखी एक पेच आहे. विंडोज शटडाउन झालं, पण यूपीएसमध्ये अजून धुगधुगी आहे, आणि तेवढ्यात लाईट आली. बोर्डाच्या दृष्टीने लाईट गेलीच नाही, कारण यूपीएसने त्याचा पुरवठा कधी तोडलाच नव्हता. बंद मशीनमध्येही ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू असतो, तो पूर्ण जाऊन परत आला तरच एसी बॅक जागं होतं. तेव्हा मशीन बंद, लाईट चालू, आणि सगळे विचारतात सेटिंग का चाललं नाही.

यावर उपाय यूपीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. कॉम्प्युटर बंद झाल्यावर ठरावीक सेकंदांनी यूपीएसनेही आपलं आउटपुट तोडायचं आणि लाईट आली की पुन्हा द्यायचं, असं त्याला सांगून ठेवायचं. लिनक्सवर नट नावाचं सॉफ्टवेअर हे छान करतं. येऊरकाठ, तुमच्या यूपीएसला यूएसबी वायर आहे का?

येऊरकाठ | १३ जून, १३:१५
सगळ्यांचे मनापासून आभार. जेवणाच्या सुट्टीत वाचतेय. यूएसबी वायर नाही, साधा ६०० व्हीएचा यूपीएस आहे. म्हणजे बॅटरी संपली की मशीन धाडकन बंद होतं. मग माझ्या बाबतीत हा पेच नाही ना?

बिटबाई | १३ जून, १३:२८
बरोबर, नाही. पण एक बघा: बॅटरी पूर्ण उतरून यूपीएस बंद पडला आणि मग लाईट आली, तर यूपीएस स्वतःहून चालू होतो का? काही मॉडेल होतात, काहींचं बटण दाबावं लागतं. यूपीएसच झोपून राहिला तर बायोसमध्ये काहीही लावा, उपयोग नाही. रविवारी भिंतीवरचा स्विच बंद करा, यूपीएस मरेपर्यंत थांबा, मग स्विच चालू करून हात बांधून बसा.

मूग_गिळून | १३ जून, १४:००
एवढा सगळा खटाटोप कशाला? रास्पबेरी पाय हा हातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर घ्या. त्याचं बटण दाबायची भानगडच नाही, वीज आली की उठतो. बर्डनेट-पाय त्याच्यासाठीच केलंय. वीजही डेस्कटॉपच्या मानाने अगदी थोडी खातो.

घणसोलीकर | १३ जून, १४:२०
पाय चांगलाच आहे, पण एसडी कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्ड बिघडण्याचा धोका असतो. पावसाळ्यात सारखं होणार. एसएसडीवरून चालवा किंवा त्यालाही छोटा बॅकअप द्या. शिवाय त्यांच्याकडे चालू मशीन आहे, ते कशाला फेकायचं?

मूग_गिळून | १३ जून, १४:३१
मान्य. पण विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय, तेही लक्षात घ्या. त्याच डेस्कटॉपवर लिनक्स टाकलं तर लॉगिन न करता सर्व्हिस चालू होते, लिनक्समध्ये प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या सिस्टीमडीत चार ओळी लिहायच्या.

नेरूळ_पाणथळ | १३ जून, १६:४५
मी पक्ष्यांच्या बाजूने लिहिते. रेकॉर्डिंग एकाच लांबलचक फाइलमध्ये करत असाल तर आधी ते बदला. वॅव फाइलच्या सुरुवातीला तिची लांबी लिहिलेली असते आणि ती शेवटी, फाइल बंद करताना भरली जाते. मधेच वीज गेली की लांबी चुकीची राहते आणि प्लेअर म्हणतो फाइल खराब आहे. आतला आवाज मात्र शाबूत असतो. ऑडॅसिटीत इम्पोर्ट रॉ डेटा करून सॅम्पल रेट बरोबर दिला की बाहेर काढता येतो. तेव्हा तुमच्या परवाच्या पहाटेची फाइल डिलीट करू नका! लाईट जाण्याआधीचं त्यात असेल.

पुढे दहा-दहा मिनिटांच्या फाइल करा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो धरलं तर दहा मिनिटांचे साधारण ५८ एमबी होतात. झटका बसला तर जास्तीत जास्त एक तुकडा बिघडेल. बर्डनेट तसंही तीन-तीन सेकंदांचे तुकडे करूनच ऐकतं, त्यामुळे फाइल छोट्या केल्याने काही बिघडत नाही.

येऊरकाठ | १३ जून, १७:०२
फाइल मिळेल?! मी आजच बघते. हे वाचूनच किती बरं वाटलं सांगू.

अण्णा_खारघर | १३ जून, १९:३०
खारघरच्या टेकडीकडे नवरंग ऐकलाय. दोन सुरांची स्वच्छ शीळ, एकाने घातली की दुसरा पलीकडून उत्तर देतो. दिसायला एवढा रंगीत, पण पाचोळ्यात बसला की समोर असून दिसत नाही. कानानेच शोधावा लागतो. ताई, तुमच्याकडे पावशा आधी येतो की नवरंग?

येऊरकाठ | १३ जून, २०:१०
पावशा आधी. तो मे महिन्यातच रात्री-अपरात्री ओरडून सगळ्यांची झोप मोडतो. नवरंग पहिल्या एक-दोन चांगल्या सरींनंतर. रात्री रातवाही मिळतो, त्याची टकटक माईकमध्ये फार स्पष्ट येते. जागेपणी मी कधी ऐकली नव्हती, रेकॉर्डिंगमुळे कळलं की रोज असतो.

घणसोलीकर | १३ जून, २१:००
आता विंडोजचा भाग. मशीन उठलं तरी ते पासवर्डच्या पडद्यावर थांबेल आणि रेकॉर्डिंग सुरू होणार नाही. टास्क शेड्युलरमधून लॉगिनशिवायही प्रोग्राम चालवता येतात, पण माईकवरून रेकॉर्ड करणारे प्रोग्राम लॉगिन झालेल्या युजरखालीच सुरळीत चालतात. म्हणून ऑटो लॉगिन लावा. मायक्रोसॉफ्टचंच सिसइंटर्नल्समधलं ऑटोलॉगॉन नावाचं छोटं टूल आहे. मग रेकॉर्डिंगचा प्रोग्राम टास्क शेड्युलरमध्ये 'ॲट लॉग ऑन' वर टाका आणि एक मिनिटाचा डिले द्या, म्हणजे माईकचा ड्रायव्हर वगैरे जागेवर येतो.

एक बारीक खोच. शेड्युलरच्या कंडिशन्समध्ये 'फक्त एसी पॉवरवर असेल तरच सुरू करा' ही खूण आधीपासून असते. यूएसबीवाला यूपीएस विंडोजला बॅटरीसारखा दिसतो. पुढेमागे तसा यूपीएस घेतलात तर या खुणेमुळे टास्क सुरू होणार नाही किंवा मधेच थांबेल. ती खूण काढून टाका.

सानपाडा_सिग्नल | १३ जून, २१:१५
ऑटो लॉगिन म्हणजे घरात येणारा कोणीही मशीन उघडणार. बँकेचं, टॅक्सचं सगळं त्यातच असतं लोकांचं.

घणसोलीकर | १३ जून, २१:३२
मुद्दा बरोबर आहे. त्यासाठी वेगळा साधा युजर करा, ॲडमिनचे अधिकार नसलेला, फक्त रेकॉर्डिंगसाठी. ऑटो लॉगिन त्यालाच. लॉगिन झाल्याझाल्या स्क्रीन लॉक करणारं एक टास्क टाका. स्क्रीन लॉक असली तरी आत रेकॉर्डिंग चालू राहतं. बिटलॉकरला, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाला, पिन लावली असेल तर मशीन पिनपाशीच अडेल, तेवढं बघून घ्या.

कळवा४०० | १३ जून, २१:५०
एक राहिलं. मशीन २०१४चं आहे म्हणालात. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी कधी बदललीय?

येऊरकाठ | १३ जून, २१:५८
कधीच नाही. अशी बॅटरी असते हेही माहीत नव्हतं.

बिटबाई | १३ जून, २२:१५
काका, बरं आठवण केलीत! सीआर२०३२, ३ व्होल्टची. ती संपलेली असेल आणि लाईट गेली, तर पुष्कळ बोर्ड बायोसची सगळी सेटिंगं विसरून कारखान्यातल्या सेटिंगवर जातात. म्हणजे तुम्ही कष्टाने लावलेलं एसी बॅक नेमकं लाईट गेल्यावरच उडणार. काही मशीन तर चालू होताना एफ१ दाबा म्हणून अडून बसतात.

आणि तुमच्यासाठी त्याहून वाईट म्हणजे घड्याळ चुकेल. फाइलवर भलतीच तारीख-वेळ पडेल. इंटरनेट मिळालं की विंडोज वेळ दुरुस्त करतं, पण लाईट आल्यावर राउटर कॉम्प्युटरपेक्षा मागाहून उठतो, तोवर दोन-चार फाइल चुकीच्या वेळेच्या होऊन बसतात. नवरंग पहाटे बोलला की मध्यरात्री, हेच कळलं नाही तर नोंदीला अर्थ काय? बॅटरी किरकोळ किमतीत कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. बदलल्यावर बायोसमध्ये वेळ आणि एसी बॅक दोन्ही पुन्हा लावा. जमलं तर राउटरही त्याच यूपीएसवर घ्या, तो फार खात नाही.

चहाबाज | १३ जून, २२:२०
स्मार्ट प्लग कोणी सुचवला नाही अजून. एसी बॅक लावलेलं असेल तर स्मार्ट प्लग मोबाइलवरून बंद करून चालू केला की मशीन उठतं. महापेत बसून बटण दाबल्यासारखंच.

बिटबाई | १३ जून, २२:३०
चालेल, पण प्लगच्या ॲपमध्ये लाईट आल्यावर प्लगने चालू राहायचं की बंद, तेही लावावं लागतं. आणि तो यूपीएसच्या पुढे, म्हणजे यूपीएस आणि कॉम्प्युटरच्या मधे हवा. भिंतीत लावून प्लग बंद केला तर यूपीएस म्हणेल लाईट गेली आणि कॉम्प्युटरला आपल्या बॅटरीवर पोसत बसेल. शिवाय मशीन चालू नाही याची खात्री असेल तरच ऑफ करा.

नेरूळ_पाणथळ | १३ जून, २२:४१
बायोसमध्ये ठरावीक वेळी मशीन चालू करायचा अलार्मही असतो ना? आरटीसी अलार्म की काहीतरी. रोज पहाटे साडेचार लावला तर बाकी काही फसलं तरी सकाळचं रेकॉर्डिंग चुकणार नाही.

घणसोलीकर | १३ जून, २२:५०
उत्तम! हो, आरटीसी अलार्म, दररोज लावता येतो. मशीन आधीच चालू असेल तर काही होत नाही. हे दोन्ही लावाच.

येऊरकाठ | १५ जून, १९:२०
काल रविवारी सगळं केलं, सविस्तर लिहिते म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

पहिल्यांदा त्या पहाटेची फाइल. ऑडॅसिटीने उघडली. पावणेसहापर्यंतचा आवाज आहे, आणि त्यात नवरंग आहे. लांबून, पावसाच्या आवाजाखाली, पण अगदी तोच. नेरूळ_पाणथळ, तुमचे किती आभार मानू!

बोर्ड गिगाबाइटचा निघाला. एसी बॅक 'ऑलवेज ऑफ'वर होतं, ते 'ऑलवेज ऑन' केलं. ईआरपी चालू होतं, ते बंद केलं. बॅटरी गोखले रोडवरून आणून यांनी बदलली. अलार्म साडेचारचा. वेगळा युजर, ऑटो लॉगिन, लॉक, सगळं घणसोलीकरांनी सांगितलं तसं. मग भिंतीवरचा स्विच बंद करून बसलो. यूपीएस टूं टूं करत मेला. पाच मिनिटांनी स्विच चालू केला तर यूपीएस आपणहून उठला, मशीनही उठलं, पण रेकॉर्डिंग सुरू झालं नाही. प्रोग्राम दुसऱ्याच माईकवर गेला होता. यूएसबी माईक वेगळ्या पोर्टात लावला गेला होता. तो मूळ पोर्टात लावून प्रोग्राममध्ये नाव धरून निवडला आणि पुन्हा सगळी परीक्षा घेतली, तेव्हा चाललं. टाइम डिलेचा स्टॅबिलायझर मागवलाय.

कळवा४०० | १५ जून, २०:०५
शाब्बास. स्टॅबिलायझर भिंत आणि यूपीएस यांच्या मधे लावा. तेवढी तीन मिनिटं यूपीएसची बॅटरी सांभाळेल, आणि ती आधीच संपली असेल तर सगळं एकदम टिकलेल्या सप्लायवर उठेल.

आता बाल्कनीचं बघा. बाहेर फक्त माईकची वायर आहे ना? एक्स्टेंशन बोर्ड किंवा ॲडॉप्टर बाल्कनीत असेल तर आत घ्या. ओल शिरली की घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की सप्लाय तोडणारा स्विच, पडतो. तो हाताने वर केल्याशिवाय घरात लाईट येत नाही, मग बायोस, यूपीएस, अलार्म सगळं असून नसल्यासारखं. आरसीसीबी वारंवार पडायला लागला तर त्याला बायपास करू नका, गळती शोधा. तो जीव वाचवण्यासाठी असतो.

येऊरकाठ | १५ जून, २०:१८
फक्त माईकची वायर आहे काका, पाच व्होल्टची. खिडकीपाशी वायरला खाली झोल दिलाय, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं.

अण्णा_खारघर | १५ जून, २१:००
धागा वाचून मलाही हुरूप आला. माझ्याकडे डेस्कटॉप नाही. एक जुना लॅपटॉप आहे आणि मुलाचा मॅक मिनी. लॅपटॉपला तर स्वतःची बॅटरी आहे, मग काहीच करायला नको ना?

बिटबाई | १५ जून, २१:२०
लॅपटॉपची बॅटरी धडधाकट असेल तर दोन-तीन तासांचं जाणं तो सहज निभावतो. पण बॅटरी संपून बंद पडला तर बहुतेक लॅपटॉप लाईट आल्यावर आपोआप उठत नाहीत. डेलच्या काहींमध्ये 'वेक ऑन एसी' आणि थिंकपॅडमध्ये 'पॉवर ऑन विथ एसी अटॅच' असतं, बायोसमध्ये बघा. झाकण मिटल्यावर झोपू नये हेही लावा.

मॅक मिनीला सोपं आहे. सिस्टीम सेटिंग्जमध्ये एनर्जी उघडा, वीज गेल्यानंतर आपोआप सुरू व्हायचा पर्याय आहे, तो चालू करा. फक्त फाइलव्हॉल्ट, म्हणजे मॅकचं डिस्क-कुलूप, चालू असेल तर मॅक पासवर्डपाशी थांबतो आणि ऑटो लॉगिनही लावू देत नाही. मुलाचं काम त्यावर असेल तर फाइलव्हॉल्ट काढायला सांगू नका, तुम्ही लॅपटॉपच घ्या.